डोळ्यावरची कात

कडं दोनदा थरथरलं तेव्हा ऋतुजाचे दोन्ही हात पिठात होते. थरथर मनगटाच्या उजव्या अंगाला होती, म्हणून ती डावीकडे सरकली. एक, दोन, तीन. चौथ्या अंकाला लाकडी पाट तिच्या डोक्याच्या जागेवरून सणसणत गेला आणि भिंतीवरच्या मांडणीवर आदळला. कपबश्या खाली आल्या. पाटाच्या वजनाबरोबर तिचा नवरा रणजितही पुढे झोकला गेला, ओट्याची कड त्याच्या भुवईला लागली आणि रक्ताची धार लागली. ऋतुजा तोवर परात छातीशी धरून मागच्या दाराच्या चौकटीत जाऊन उभी राहिली होती.

भुवई पुसत रणजित हसला. "सांगितलं काय तुझ्या त्या जनावरानं?" एवढंच विचारून तो बेदाण्याच्या शेडकडे निघून गेला. मारायचं कारण त्या दिवशी चहात साखर जास्त पडली हे होतं. आदल्या खेपेला ती कमी पडली होती. हा गडी गावात हसतमुख म्हणून नावाजलेला, लग्नात पंगत वाढायला सगळ्यांच्या पुढे, शेडवरच्या बायांशी कधी वरच्या पट्टीत न बोलणारा. त्याचा सगळा आवाज त्यानं घरासाठी राखून ठेवला होता.

गेल्या दिवाळीपासून ऋतुजाचा संसार या चार सेकंदांवर चालला होता. ते चार सेकंद तिला देणारा गुंडू स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या, ऊब आत जावी म्हणून पुढून बारीक जाळी लावलेल्या काचेच्या पेटीत वेटोळं घालून बसलेला असे. आफ्रिकेकडचा बुटका अजगर, दोन-अडीच हात लांब, अंगावर मध आणि डांबर सांडल्यासारखे डाग. भ्याला की स्वतःचीच गुंडाळी करून घ्यायचा, म्हणून सासूनं, म्हणजे आत्तींनी, त्याचं नाव गुंडू ठेवलं. त्याच्या डोक्यात केसाहून बारीक पट्टी बसवलेली होती आणि त्या पट्टीचा निरोप ऋतुजाच्या हिरव्या काचेच्या बांगड्यांमधल्या एका करड्या कड्यात येत होता.

राखणपेटीचा कायदा येऊन सहा वर्षं झाली होती. ज्या घरात बाईचं हाड दोनदा मोडलं आणि दोन्ही वेळा दवाखान्याच्या कागदावर 'पाय घसरला' असं आलं, त्या घरात कोर्ट ही पेटी बसवायला लावी. पेटीला हात लावला तर नवऱ्याला तुरुंग. आणि पेटीनं नोंदवलेलं कोर्टात पुरावा म्हणून धरलं जाई, कारण सापाला कुणाची भीडभाड नसते. खटला उभा राहायला मात्र वर्ष-दोन वर्षं जात.

साधे कॅमेरे आधी लावून पाहिले होते. ते उष्णता मोजत, पण त्यांना अक्कल नव्हती. चहाचं पातेलं उकळलं तरी बोंब मारत. अजगराच्या ओठांवर बारीक खळगे असतात. समोरच्या वस्तूची ऊब एका अंशाच्या हजाराव्या हिश्श्यानं बदलली तरी त्या खळग्यांना कळते. खरी गंमत त्याच्या पुढं आहे. ओठांनी जाणलेली ऊब आणि डोळ्यांनी पाहिलेला उजेड, ही दोन्ही चित्रं सापाच्या मेंदूत एकाच पाटीवर, एकावर एक उमटतात. हात कुठं सुरू होतो, कुठं संपतो, हे डोळा सांगतो. त्या हातात रक्त किती उतरलंय हे ऊब सांगते. माणूस हात उगारायच्या आधी त्याचा दंड तापतो, गाल तापतात. त्याला स्वतःला कळायच्या आधी तापतात. आपल्या अंगावर काय चालून येतंय आणि काय नुसतं शेजारून जातंय, याचा निवाडा सापाची जात कोट्यवधी वर्षं करत आली आहे. शास्त्रज्ञांनी फक्त ती पाटी वाचायला शिकून घेतलं.

मग ती घर सोडून का गेली नाही, असं विचारणारे पुष्कळ होते. तासगावच्या पुढं सावळजच्या वाटेवरची ती शेड रणजितच्या नावावर असली तरी उभी ऋतुजानं केली होती. कुठल्या बागेची द्राक्षं घ्यायची, द्रावणात किती वेळ बुडवायची, जाळीवर किती दिवस ठेवायची, हे तिच्या बोटांना कळे. दोन बोटांत दाणा दाबला की अजून किती ओल आहे ते ती यंत्राच्या आधी सांगायची. मार खाऊन शेड त्याच्या हवाली करायची, हे तिला मान्य नव्हतं.

एकदाच तिचे ते चार सेकंद गेले होते. जानेवारीत गुंडूचं तोंड आलं. मिरजेहून डॉक्टर मुजावरबाई आल्या आणि त्याला उपचाराला घेऊन गेल्या. तेवढे दिवस माहेरी जाऊन राहा, असं त्यांनी बजावलं होतं, पण हंगाम तोंडावर आला होता आणि ऋतुजा राहिली. आठ दिवसांनी गुंडू परत आला तेव्हा तिच्या डाव्या हाताची दोन बोटं दाराच्या फटीत चेचलेली होती. रणजितनं दार हळूहळू लावलं होतं, तिच्याकडं बघत. तेव्हापासून तिनं मनाशी गाठ मारली: काहीही होवो, हे जनावर पुन्हा घराबाहेर जाऊ द्यायचं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी तिनं पेटीतलं मडकं धुवायला बाहेर काढलं. एरवी गुंडू कात टाकायच्या आधी त्या मडक्यात तोंड खुपसून बसायचा, त्यामुळं त्याचा चेहरा तिला कधी दिसला नव्हता. दिवाळीपासून त्यानं दोनदा कात टाकली होती, एकदा मडक्यात आणि एकदा मिरजेत. आज मडकं नव्हतं. गुंडू उघड्यावर बसला होता आणि त्याचे दोन्ही डोळे दुधाळ निळे झाले होते.

ऋतुजानं मडकं तसंच खाली ठेवलं. असला पांढुरका पडदा तिच्या चांगलाच ओळखीचा होता. अवकाळी ढग आले, शेडमध्ये ओल शिरली, की बेदाण्यावर असाच पडदा धरतो, आणि दोन दिवसांत अख्खी जाळी बुरशीनं जाते. बेदाण्यावाल्याच्या घरात ओल ही वैरीण. मूल रडलं तरी चालेल, पण शेडचा पडदा उघडा राहून दव आत येता कामा नये, अशा घरात ती वाढली होती. आणि इथं पेटीत तर ओलं शेवाळ, पाण्याचं भांडं, तासातासाला तुषार उडवणारी नळी. साठ टक्के ओलावा ठेवा, असं डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर होतं. कागद शहरात छापलेला होता. तिनं डॉक्टरांना फोन लावला आणि पहिली घंटी वाजायच्या आत कापला. डोळे आले म्हटल्यावर त्या त्याला घेऊन जाणार, आणि दाराला अजून फट होतीच.

तिनं शेवाळ काढून टाकलं. तुषाराची नळी चिमटा लावून बंद केली. परदेशी जाणाऱ्या बेदाण्याच्या खोक्यांत ओल शोषायला घालतात त्या पांढऱ्या पुड्या मूठभर आणल्या आणि तळाच्या कागदाखाली पसरल्या. ओलावा मोजणारं यंत्र कोकलायला लागलं. शेडमधलं यंत्रही ढग आले की असंच कोकलतं, आणि त्याच्या नाकावर कोरडं फडकं बांधून त्याला गप्प करायची तिकडं सगळ्यांनाच सवय. ऋतुजानं उलटं केलं. त्याच्या नाकावर कापसाचा ओला बोळा बसवला. यंत्र समाधानानं साठ टक्के दाखवत बसलं.

तीन दिवसांनी गुंडूचे डोळे स्वच्छ झाले. तिला हायसं वाटलं, आपल्या हाताच्या गुणाचा अभिमानही वाटला. ते डोळे आपोआप स्वच्छ होणारच होते, हे तिला कोण सांगणार? रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातली गत. पुढं आठवड्याभरात कात निघाली ती अखंड मोज्यासारखी निघाली नाही, फाटून तुकड्या-तुकड्यांनी निघाली. कोरड्या हवेत फाटणारच, असं म्हणून तिनं तुकडे केरात टाकले. मार्चच्या शेवटी पुन्हा डोळे निळे झाले, तिनं पुड्या बदलल्या, पुन्हा ते निवळले. मात्र आधीसारखे काळे चकचकीत झाले नाहीत. त्यांच्यावर चांदीच्या वर्खासारखं काहीतरी चुरगळलेलं दिसे.

पहिल्यांदा कडं आत्तींसाठी थरथरलं ते त्याच आठवड्यात.

आत्ती मागच्या अंगणात चुलीवर भाकऱ्या भाजत. गॅस घरात होता, पण भाकरी चुलीवरची, हा त्यांचा हेका. त्या दिवशी तव्यावरची भाकरी हातावर घेऊन त्या आत आल्या, ताटात वाढायला वाकल्या, आणि कडं दोनदा थरथरलं. ऋतुजा ताटासकट मागं उडाली. भाकरी जमिनीवर पडली. फोनवर पेटीची नोंद आली होती: धोका, सुनंदा. सुनंदा म्हणजे आत्तीच; माणसाचं नाव पेटी त्याच्या उबेच्या आकारावरून लावी.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच.

यंत्राला खोटं बोलता येत नाही, हे ऋतुजानं मनात पक्कं धरलेलं होतं. तिचे प्राण त्याच्यावर वाचले होते. म्हणून तिनं यंत्राला सोडून आत्तींना न्याहाळायला सुरुवात केली. आत्तींनी तिला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं, हे खरं. पण पहिल्यांदा जबडा मोडला तेव्हा दवाखान्यात पुढं होऊन "न्हाणीत पाय घसरला" असं कोण बोललं होतं? दुसऱ्यांदा बरगड्या मोडल्या तेव्हाही आत्तीच. ऋतुजाला बोलताच येत नव्हतं आणि आत्ती बोलत होत्या. रणजित काही आभाळातून पडला नव्हता, याच बाईच्या पोटचा होता. असं एकेक आठवत गेलं आणि संशयाला खतपाणी मिळालं. मागच्या दाराशी चुलीची लोखंडी फुंकणी असे, ती ऋतुजानं उचलून ओट्याखाली ठेवली. आत्ती तोंडानं फुंकर घालून चूल पेटवू लागल्या. फुंकणी कुठं गेली हे त्यांनी विचारलं नाही.

एका दुपारी आत्ती पेटीपुढं बराच वेळ उभ्या होत्या. जाळीवरून त्यांनी बोट उजवीकडून डावीकडं नेलं, तसं गुंडूचं डोकं फिरलं. मग पदराखाली हात झाकून घेतला आणि तो पदर हलवला. गुंडू ढिम्म.

"ह्याला दिसत न्हाई, ऋतुजा," त्या म्हणाल्या. "मोतीबिंदू काढायच्या आधी मी असंच बघत हुते. डॉक्टरीणबाईंस्नी बोलाव."

"त्याला घालवायचंय का तुम्हाला घरातनं?" ऋतुजानं विचारलं.

आत्तींनी तिच्याकडं बघितलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही. "मला कुणाला घालवायचं न्हाई गं," एवढं म्हणून त्या चुलीकडं गेल्या.

एप्रिलमध्ये माल कोल्ड स्टोरेजला जायला लागला. रणजित सकाळी खोकी घेऊन जायचा, चार अंशांच्या खोलीत दोन-दोन तास रचाई करायचा आणि दुपारी घरी यायचा. अशाच एका दुपारी त्यानं आल्या-आल्या ऋतुजाच्या कानफटात मारली. तिच्या कानात शिट्टी वाजायला लागली, आणि मग, मार बसून गेल्यावर, कडं एकदा थरथरलं. रणजितनं स्वतःच्या हाताकडं बघितलं. हात गार होता, बोटं पांढरी पडली होती. त्यानं पेटीकडं बघितलं. तो हसतमुख होता, बिनडोक नव्हता. ऋतुजानं मात्र कड्याचं चार्जिंग उतरलं असेल अशी स्वतःची समजूत घातली. त्या दिवसापासून रणजितच्या कोल्ड स्टोरेजच्या खेपा वाढल्या.

एप्रिलच्या चोविसाव्या दिवशी गुंडूनं पुड्या घातल्यापासून तिसऱ्यांदा कात टाकली, पुन्हा तुकड्या-तुकड्यांनी. सव्विसाव्या दिवशी सकाळीच वावटळ सुटली. शेडच्या पश्चिमेचा हिरवा पडदा कुणीतरी उघडा ठेवला होता. वावटळ आत शिरली, आणि खालच्या दोन जाळ्यांवरचा माल मातीनं भरला. हे कुणीतरी म्हणजे रणजित स्वतःच, पण ते त्याला आठवत नव्हतं. त्याला फक्त एवढं आठवलं की घरात एक बाई आहे. त्यानं सकाळपासून काहीच आवाज केला नाही. कोल्ड स्टोरेजला गेला, तीन तास तिथं काढले. परत आला तेव्हा जाळीच्या तारा ताणायचा हातभर लांबीचा पान्हा त्याच्या हातात होता, आणि तोही थंडगार होता.

ऋतुजा स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून डाळ निवडत होती. आत्ती अंगणात चुलीशी. पुढच्या दारातून आत येणारा रणजित, त्याच्या हातातला पान्हा, आणि तो कसा धरलाय, हे आत्तींना मागच्या दारातून आरपार दिसलं. असं धरलेलं त्यांनी पूर्वीही पाहिलं होतं. त्यांनी तव्यावरची भाकरी तशीच टाकली आणि सुनेला बाजूला ढकलायला दोन्ही हात पुढं करून त्या धावल्या. त्या हातांवर चुलीतल्या आराची अर्ध्या तासाची धग होती.

गुंडूनं काय पाहिलं? त्यानं काहीच पाहिलं नाही. त्याच्या पाटीवर उजेडाचं चित्र उरलंच नव्हतं. पुढच्या दाराकडून आलेला हात भिंतीइतका गार होता, म्हणजे तिथं कुणी नव्हतंच. मागच्या दाराकडून मात्र दोन धगधगते पंजे घरातल्या बाईवर झेपावत होते.

कडं दोनदा थरथरलं, मागच्या दाराच्या अंगाला. एक. ऋतुजानं वाकून फुंकणी उचलली. दोन. ती वळली. समोर आत्ती, तोंड उघडलेलं, हात पसरलेले. तीन. इतके दिवस ज्याची वाट बघितली ते हेच, असं तिला वाटलं, आणि तिनं दोन्ही हातांनी, सगळ्या अंगाचं बळ एकवटून, फुंकणी फिरवली. आत्तींच्या डाव्या डोळ्याखाली ती बसली. हाड मोडल्याचा आवाज ऋतुजाला चांगला ओळखू येत होता, तो स्वतःच्या अंगातून ऐकू यायचा. या वेळी बाहेरून आला. आत्ती उंबऱ्यावर आडव्या झाल्या.

चारला पान्हा ऋतुजाच्या उजव्या कानामागं बसला. कडं गप्प होतं.

ती आत्तींच्या अंगावर पडली. दुसरा घाव खांद्यावर आला, तिसरा पाठीवर. रणजित नुसता नाकानं श्वास सोडत होता, पोतं उचलताना सोडतात तसा. पाचव्या घावाला तिला जमिनीवर फुंकणीचं टोक सापडलं. तिनं पडल्या-पडल्याच ती आडवी फिरवली. ती त्याच्या गुडघ्याच्या वाटीवर लागली. तो खाली आला. तिनं पुन्हा मारलं, या वेळी मनगटावर, आणि पान्हा सुटून ओट्याखाली गेला. मग तिनं आणखी एकदा मारलं. त्याची काही गरज नव्हती.

रणजित भिंतीला टेकून बसला. मोडकं मनगट मांडीवर घेऊन तो आईकडं बघत होता. आत्तींच्या डोळ्यातून रक्त येत होतं आणि त्या रक्तात पीठ कालवलं जात होतं.

"आईला मी मारलं न्हाई," तो म्हणाला. "बघ तूच. आईला मी हात लावला न्हाई."

उभ्या आयुष्यात तो हे पहिल्यांदाच खरं बोलत होता.

मिरजेच्या दवाखान्यात ऋतुजा आणि आत्ती शेजारी-शेजारी खाटांवर होत्या. ऋतुजाच्या डोक्याला अकरा टाके. आत्तींचं गालाचं हाड तीन ठिकाणी मोडलेलं आणि डावा डोळा, मोतीबिंदू काढलेला तोच, वाचणार नव्हता. रणजित खालच्या मजल्यावर प्लास्टरात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर मुजावर आल्या. राखणपेटीच्या घरातलं माणूस दवाखान्यात दाखल झालं की साप तपासायचा, असा नियमच होता. त्यांनी एक छोटी काचेची बशी आणली होती, आणि बशीत ओल्या कापसावर मसुराएवढी सहा पारदर्शक टरफलं.

"सापाला पापणी नसते," त्यांनी सांगितलं. "डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, जन्मभर मिटलेल्या खिडकीसारखा. कात टाकायच्या आधी जुन्या आणि नव्या खवल्याच्या मध्ये पातळ द्रव भरतो. तेव्हा डोळा निळा दिसतो. तो आजार नाही. तेव्हा हवा दमट लागते, म्हणजे द्रव टिकतो आणि जुना खवला कातीबरोबर सुटून येतो. हवा कोरडी असली की तो डोळ्यालाच चिकटून बसतो. पुढच्या कातीला त्याच्यावर दुसरा. गुंडूच्या एकेका डोळ्यावर तीन-तीन होते. रात्रभर ओल्या फडक्यात ठेवून भिजवले, तेव्हा कुठं निघाले. डोळे आतून शाबूत आहेत, दिसेल त्याला."

त्या पुढं म्हणाल्या, "कागदाखाली पुड्या सापडल्या. आणि कापसाचा बोळा."

ऋतुजा बशीकडं बघत होती. ओल नव्हती, तरी पडदा धरला होता. तो तिनंच धरवला होता. आत्तींनी सांगितलं होतं, आणि आपण त्यांना काय विचारलं तेही तिला शब्दन् शब्द आठवलं.

दुपारी हवालदार कोळेकरबाई जबाब घ्यायला आल्या. पन्नाशीच्या, पायानं थोड्या अधू. त्यांनी पेटीची नोंद वाचून दाखवली. सुनंदा माने हल्ला करायला धावली. ऋतुजा माने हिनं स्वसंरक्षणार्थ वार केला. पुढं काही नाही. रणजितचं नाव सबंध नोंदीत कुठं नव्हतं; गार पान्हा, गार हात, पेटीच्या लेखी तो घरात आलाच नव्हता. त्याच्या जबाबात त्यानंही तेच सांगितलं होतं. सासू-सुनेचं भांडण, आपण सोडवायला गेलो, मधल्या मधे मार खाल्ला.

"पेटीच्या हिशेबानं तुमच्यावर काही येत नाही," कोळेकरबाई ऋतुजाला म्हणाल्या. "तुम्ही सुटलात. आजींचं तेवढं विचारते."

आत्तींचं अर्धं तोंड पट्टीत होतं. उरलेल्या अर्ध्यानं त्या बोलल्या. उंबऱ्यावर पाणी सांडलं होतं, म्हणाल्या. "पाय घसरला. सुनंनं मारलं न्हाई, मी बी तिला माराय धावले न्हाई. लिवा, पाय घसरला."

हवालदारबाईंनी बोट टॅबवर टेकवलं. आत्तींचं वाक्य टॅबवर उमटायला लागलं होतं. ऋतुजाला दिसत होतं की आत्ती तिला वाचवतायत, जसं त्यांना येतं तसं, आयुष्यभर येत आलं तसं. तिनं गप्प बसायचं, एवढंच काम होतं. पेटीचा कागदही तिच्या बाजूचा आणि आत्तींचा शब्दही. दोन्ही कागदांत एक गोष्ट मात्र सारखी होती: रणजित कुठंच नव्हता. गुडघा बरा झाला की तो घरी येणार होता, त्या दोघींच्याही घरी.

"थांबा," ऋतुजा म्हणाली. "त्या घसरल्या नाहीत. मी मारलं, फुंकणीनं. त्या मला वाचवायला आल्या होत्या."

कोळेकरबाईंनी वर बघितलं. असा जबाब दिला तर गुन्हा तुमच्यावर लागेल, हे त्यांनी सरळ सांगितलं. शिवाय पेटीत ढवळाढवळ केल्याचा वेगळा.

"लावा. पुड्या मी घातल्या, बोळा मी बसवला. डॉक्टरांकडं आहे सगळं. साप आंधळा होता, त्याची नोंद खोटी आहे, हे आधी लिहा." तिनं मान वळवली आणि टाक्यांवरची पट्टी हातानं सोडायला लागली. "आता इथं बघा. फुंकणी गोल असते. हा वण गोल नाही. पान्हा ओट्याखाली पडलाय. हा घाव कुणी मारला ते विचारा मला, आणि तेही लिहा."

कोळेकरबाई उठून जवळ आल्या, वण बघितला, आणि बराच वेळ लिहीत राहिल्या. आत्तींचा उरलेला डोळा छताकडं होता. ऋतुजाला त्यांच्याकडं बघायचं धाडस होत नव्हतं. तिनं नुसता हात खाटेबाहेर काढून मधल्या जागेत धरला. कडं पोलिसांनी काढून घेतलं होतं, मनगटावर त्याचा पांढरा पट्टा तेवढा राहिला होता. थोड्या वेळानं आत्तींची बोटं तिच्या तळव्यात आली. ऋतुजानं मनातल्या मनात अंक मोजले आणि चारच्या पुढंही हात तिथंच ठेवला.

"झालं?" आत्तींनी विचारलं.

झालं, असं कोळेकरबाई म्हणाल्या.

"मग माझं खोडा," आत्ती म्हणाल्या. "रणजितच्या बाबाच्या वक्ताला मी सात बारी दवाखान्यात गेले. दर बारीला त्येच लिवलंय. तिथलं बी खोडता आलं तर बघा. मी उभ्या जल्मात एकदाबी घसरले न्हाई."